गडग्यावरच्या गप्पा

कोकणातील घराची खरी ओळख पुढच्या अंगणावरून होत नाही. ती मागच्या आगरावरून होते. अंगण पाहुण्यांसाठी सारवलेले असते. परंतु घरातील माणसे उद्योगी आहेत की आळशी, नेटकी आहेत की गबाळी, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर मागील दाराने आगरात उतरावे. तेथे माड आणि पोफळी यांच्या दाट सावलीत केळी उभ्या असतात. न्हाणीघराच्या पाण्यावर अळू पोसलेले असते. विहिरीवरून निघालेला पाट एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात खेळत असतो. आणि एका कोपऱ्यात, कुदळ-फावडी, घमेली, कोयती व झाऱ्या ठेवण्यासाठी एखादी लहानशी खोपी असते. या खोपीवरून तर मालकाचा सगळा स्वभाव कळतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात समुद्रकाठच्या एका गावी अशी दोन आगरे शेजारी शेजारी आहेत. एक नानांचे, दुसरे अप्पांचे. दोहोंच्या मध्ये कमरेइतक्या उंचीचा गडगा. जांभ्याचे ओबडधोबड दगड एकावर एक नुसते रचून तो उभारलेला. त्यात ना चुना, ना माती. हद्द दाखविणे हे गडग्याचे काम खरे; परंतु या गडग्याचा मुख्य उपयोग संध्याकाळी दोन्ही बाजूंनी कोपरे टेकून गप्पा मारण्यासाठीच होत असे. पाखाडीपलीकडच्या माई फुले काढण्याच्या निमित्ताने तेथे येऊन उभ्या राहत. त्या बोलत थोडे. पण जे बोलत ते दोघांनाही आठवडाभर पुरे.

नाना हे सेवानिवृत्त पोस्टमास्तर. मापल्यावाचून आणि लिहून ठेवल्यावाचून त्यांचे कोणतेही काम होत नसे. अप्पांचा जन्म मुंबईच्या गिरणीत गेला. टाकाऊ वस्तूतून उपयोगाची वस्तू निर्माण करण्यात त्यांचा हातखंडा. मात्र माप घेणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. "डोळे असताना फूटपट्टी कशाला?" असे ते म्हणत.

अप्पांची खोपी या तत्त्वावरच उभी होती. तिचे दार एका पाडलेल्या चाळीचे, खिडकी एका जुन्या शाळेची आणि पत्रे कोठले हे अप्पांनाही आठवत नव्हते. दार आतल्या बाजूस उघडे. त्यामुळे दार उघडले की आत माणूस मावत नसे, आणि माणूस आत गेला की दार लागत नसे. नानांची खोपी याच्या अगदी उलट. ती अत्यंत प्रमाणबद्ध, मजबूत आणि सुंदर होती. परंतु गेली तीन वर्षे ती केवळ कागदावर होती.

2020 सालचा मार्च महिना उजाडला. साथीच्या रोगामुळे 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. शाळा बंद, बाजार बंद, जाणेयेणे बंद. नानांचा सातवीतला नातू सुटीसाठी आला होता, तो तेथेच अडकला. माणसांनी एकमेकांपासून दूर राहावे असा दंडक होता. गडग्यामुळे तो आपोआपच पाळला गेला. वेळ हाताशी मुबलक आला, तेव्हा नानांनी आराखडा बाहेर काढला आणि गडग्याला लागूनच खोपीचा पाया खणावयास प्रारंभ केला.

दुसऱ्याच दिवशी अप्पा गडग्यावर हजर. "नाना, खोपी बांधता आहात की विहीर खणता आहात?"

नाना ओळंब्यावरची दृष्टी न काढता म्हणाले, "अप्पा, तुमच्या खोपीला पायाच नाही. म्हणून ती दरवर्षी वीतभर माझ्या बाजूला सरकते. आणखी दहा वर्षे थांबलो, तर सातबाऱ्यावर तिच्यापुढे माझेच नाव लागेल."

"मग बांधता कशाला? दहा वर्षे थांबाच. तुम्हाला थांबण्याची सवय आहे!"

माई तगरीची फुले काढीत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हा दोघांच्या खोपींत फरक तो काय? एक अजून उभी राहिलेली नाही आणि दुसरी अजून पडलेली नाही."

यावर दोघेही खळखळून हसले. थट्टेतही एक शिस्त असते. जी थट्टा ऐकून ज्याची थट्टा केली तोही हसतो, तीच खरी थट्टा, बाकीची टवाळी.

अप्पाही स्वस्थ बसणारे नव्हते. पालापाचोळ्याचे खत करण्याचा त्यांनी संकल्प सोडला. एक लोखंडी पिंप आडवे टांगून त्यांनी त्याला दांडा बसविला. दांडा फिरविला की पिंप फिरावे आणि आतला पाला खालीवर व्हावा, अशी योजना होती. पिंप फिरले, पण ते आसावरून निसटले, उतारावरून गडगडत गेले आणि माईंच्या अंगणात जाऊन थांबले. माईंनी निरोप पाठविला, "खत घरपोच मिळते, हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या खेपेस थोडे कुजवून पाठवा."

तेव्हा नानांनी अप्पांना खताची शास्त्रीय रीत सांगितली. इंदूर येथील शेती संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञाने ही रीत बसविली. पुढे त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी 1931 साली तिच्यावर ग्रंथही प्रसिद्ध केला. त्यामुळे ती 'इंदूर पद्धत' या नावानेच ओळखली जाते. काडीकचरा व पाला, त्यावर शेण, त्यावर थोडी माती व राख असे थर रचावयाचे. ढीग ओलसर ठेवावयाचा, परंतु चिंब होऊ द्यावयाचा नाही. आणि मधून मधून तो उलटावयाचा. ढीग उलटल्याने आत हवा खेळते. कचरा कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना आपल्यासारखीच हवा लागते. त्यांचे काम जोरात चालू झाले की ढीग आतून चांगलाच तापतो, आणि सुमारे तीन महिन्यांत मातीसारखे मोकळे, काळसर खत तयार होते.

अप्पांनी ढीग रचला. काही दिवसांनी नातवाने त्यात पहार खुपसून ठेवली आणि थोड्या वेळाने काढून तिला हात लावला, तो चटकन मागे घेतला. पहार ऊन ऊन झाली होती!

"पाहिलेत नाना?" अप्पा अभिमानाने म्हणाले. "माझा कचरासुद्धा कामाला लागला. तुमचे चिरे अजून बसूनच आहेत."

या सगळ्या थट्टेत एक थट्टा मात्र जुनी होती. नानांकडे तवशाचे एक बी होते. तवसे म्हणजे पावसाळ्यात होणारी मोठी काकडी. नानांच्या आईने माहेराहून आणलेले ते बी घरात पन्नासांहून अधिक वर्षे चालत आले होते. दरवर्षी एक उत्तम फळ बियांसाठी राखावयाचे, त्याच्या बिया राखेत घोळवून सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरावयाच्या आणि तुंबा चुलीवरच्या धुरात टांगावयाचा, असा परिपाठ होता. आदल्या वर्षी अप्पांनी थोडे बी मागितले. नानांनी मोजून बारा बिया दिल्या आणि वहीत नोंद केली, 'अप्पांकडे येणे: बिया 12.' तेव्हापासून दर आठवड्यास नाना विचारीत, "अप्पा, माझ्या बारा बिया?" आणि अप्पा उत्तर देत, "हप्त्याने देईन म्हणतो."

मे महिन्याच्या अखेरीस नानांची खोपी पूर्ण झाली. चिऱ्यांचा चौथरा, ओळंब्यात उभे केलेले खांब, त्यांवर वासे आणि वर नवे पत्रे. आत अवजारांसाठी खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीखाली अवजाराचे नाव. आनंदाच्या भरात नानांनी बियांचा तुंबाही स्वयंपाकघरातून आणून नव्या खोपीच्या वाशाला टांगला.

माई म्हणाल्या, "नाना, बी धुरातच बरे होते. घर नवे असले म्हणजे सुरक्षित असतेच असे नाही."

नाना हसून म्हणाले, "माई, हिच्यावर हत्ती चढला तरी ती पडणार नाही."

हत्ती आला नाही, वादळ आले. 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ किनाऱ्याकडे येत असल्याची सूचना मिळाली आणि कच्च्या घरांतील माणसांना सुरक्षित जागी हलविण्यात आले. 3 जून 2020 रोजी सकाळपासून वारा वाढत गेला. दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने दापोलीचा किनाराही झोडपून काढला. दारे-खिडक्या घट्ट लावून माणसे आत बसली होती. बाहेर माड मोडल्याचे आवाज येत होते, आणि प्रत्येक आवाजाबरोबर घरातील वडीलधारे माणूस डोळे मिटीत होते.

संध्याकाळी वारा पडला. नानांनी मागील दार उघडले. आगरात इतका उजेड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. सावली देणारी झाडेच राहिली नव्हती. निम्म्याहून अधिक पोफळी मधोमध मोडल्या होत्या. तीन माड उन्मळून गडग्यावर पडले होते आणि गडगा तेथे ढासळला होता. नव्या खोपीचे खांब ताठ उभे होते, चौथऱ्याचा एक चिराही हलला नव्हता. पण छप्पर नव्हते. तुंबा फुटून पडला होता आणि राख व बिया पावसाच्या पाण्याबरोबर वाहून गेल्या होत्या. नातवाने चिखलात चाचपून पाहिले. त्याच्या हाती तुंब्याचे दोन तुकडे आले. नानांनी ते घेतले आणि काही न बोलता ते घरात गेले.

गावात वीज नव्हती. जो तो घराची कौले शोधण्यात आणि वाटा मोकळ्या करण्यात गुंतला होता. तीन दिवस गडग्यावर कोणी आले नाही. आगरातील सर्वांत मोठा बदल कोणता, असे त्या मुलाला कोणी विचारले असते, तर मोडलेली झाडे नव्हे, ही शांतताच त्याने सांगितली असती.

चौथ्या दिवशी ढासळलेल्या गडग्यापाशी अप्पा येऊन उभे राहिले.

"नाना, आमची खोपी तुमच्याकडे आली आहे काय?"

नाना बोलले नाहीत.

"दार तुमच्या विहिरीपाशी दिसते आहे. खिडकी माईंकडे गेली. पत्रे कोठे गेले ते पूर्वीही ठाऊक नव्हते, आताही नाही."

नाना तरीही हसले नाहीत. मोडलेल्या माडांकडे पाहत ते म्हणाले, "अप्पा, माड लावला की फळास यावयास सहा-सात वर्षे तरी लागतात. मी आज बहात्तर वर्षांचा आहे. या वयात माड लावावयाचा तो कोणासाठी?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. अप्पा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्या खोपीचा नुसता आराखडा तीन वर्षे चालला होता, नाना. त्या मानाने माड फारच लवकर येईल!"

नानांनी चमकून वर पाहिले. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मग ते हसले. इतके हसले की डोळ्यांना पाणी आले. ते पाणी केवळ हसण्याचे नव्हते, हे अप्पांना कळले. परंतु त्यांनी तसे दाखविले नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

"अप्पा," नाना डोळे पुशीत म्हणाले, "माझे चुकले कोठे, ठाऊक आहे? छप्पर खाली पडू नये याची मी काळजी घेतली. ते वर उडू नये याची घेतली नाही. वादळी वारा छपरावरून जोराने वाहू लागला म्हणजे तो हलक्या छपराला वर उचलतो. छप्पर नुसते ठेवून भागत नाही, ते खांबांना जखडावे लागते."

"म्हणजे फूटपट्टीने सगळे मापता येत नाही तर!"

"आणि नुसत्या डोळ्यांनीही नाही. तुमचे दार माझ्या विहिरीपाशी आहे, हे विसरू नका."

मग अप्पांनी खिशातून कागदाची एक पुडी काढली. "हे तुमचे देणे. गेल्या वर्षी माझ्या वेलाचे एक फळ बियांसाठी ठेवले होते. चुलीमागच्या भिंतीला राखेत थापून ठेवलेले बी कोरडेच राहिले. बारा मुद्दल आणि बारा व्याज."

नानांनी पुडी उघडली. आत राखेने माखलेल्या चोवीस बिया होत्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या.

"बी तुमच्याकडे होते, तर वर्षभर परत का केले नाही?"

"परत केले असते, तर तुम्ही रोज माझ्याकडे मागितले काय असते?" अप्पा म्हणाले.

मृग अगदी तोंडावर आला होता. नानांनी त्याच दिवशी बियांचे चार सारखे वाटे केले. सहा बिया स्वतःला ठेवल्या, सहा अप्पांना दिल्या, सहा माईंना आणि सहा पाखाडीखालच्या घरी पाठविल्या. तुंब्यात कोंडून ठेवलेले बी वाहून गेले होते, आणि जे देऊन टाकले होते तेवढेच उरले होते, ही गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नाही. नातवाच्या हातून त्यांनी दोन नवे माडही लावविले.

भाद्रपदात चारही घरी तवशी धरली. माईंनी धोंडस करून सर्वांना वाटले. पावसाळा सरल्यावर गडगा पुन्हा रचला आणि नानांच्या चौथऱ्याला जोडून पलीकडच्या बाजूस थोडा चौथरा वाढविण्यात आला. आता तेथे दोघांची मिळून एकच खोपी आहे. पाया नानांचा, दारे-खिडक्या अप्पांच्या. छप्पर लोखंडी पट्ट्यांनी खांबांना जखडलेले. दारे दोन आहेत. एक नानांच्या आगरात उघडते, दुसरे अप्पांच्या आगरात. अप्पांचे दार अजूनही नीट लागत नाही.

खोपी पुरी झाली त्या संध्याकाळी नानांनी वही काढली आणि लिहिले, 'अप्पांकडून 12 बिया व्याजासह जमा. येणे: काही नाही.'

अप्पांनी ते वाचले आणि चिंतेने विचारले, "मग उद्यापासून मागणार काय?"

"का?" नाना वही मिटीत म्हणाले. "माझा ओळंबा सकाळपासून तुमच्याकडे आहे. तो कधी देता?"

"हप्त्याने देईन म्हणतो," अप्पा म्हणाले.

शब्दार्थ

आगर – माड, पोफळी इत्यादींची घरामागील बाग
गडगा – नुसते दगड रचून केलेली बुटकी भिंत
पाखाडी – दगडी पायऱ्यांची वाट
खोपी – लहान झोपडी
चिरा – घडविलेला चौकोनी दगड
ओळंबा – भिंत किंवा खांब सरळ उभा आहे की नाही हे पाहण्याचे, दोरीला वजन बांधलेले साधन
तुंबा – सुकवून पोकळ केलेला भोपळा
धोंडस – तवसे व गूळ घालून केलेला गोड पदार्थ
मुद्दल – उसनी दिलेली मूळ रक्कम किंवा वस्तू

अभ्यास

1. नाना व अप्पा यांच्या स्वभावांतील फरक त्यांच्या खोपींवरून कसा दिसून येतो?
2. खताचा ढीग मधून मधून का उलटावा लागतो? तो आतून का तापतो?
3. "छप्पर खाली पडू नये याची मी काळजी घेतली, ते वर उडू नये याची घेतली नाही." हे वाक्य समजावून सांगा.
4. अप्पांनी बिया वर्षभर परत का केल्या नाहीत? नानांनी परत मिळालेल्या बियांचे चार वाटे का केले?
5. थट्टा आणि टवाळी यांतील भेद, स्वतःच्या अनुभवातील एकेक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
6. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: हातखंडा असणे, तोंडावर येणे, संकल्प सोडणे.
7. आपल्या घरी किंवा शेजारी जपून ठेवलेल्या एखाद्या बियाण्याची माहिती वडीलधाऱ्या माणसांस विचारून दहा ओळी लिहा.